छोट्या निवासी ट्रेलरची नोंदणी व क्रमांकपट्टी : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत ज्याला स्थिर घर नाही अशा माणसाविषयी काहीशा कणवेने वापरली जाते. अलीकडे मात्र स्थिर घर असलेली नागर कुटुंबेही सुट्टीपुरते हे बिऱ्हाड हौसेने स्वीकारू लागली आहेत. दोन चाकांवरील लहानशी पेटी, तीत झोपण्यापुरती जागा, शेगडी व पाण्याची टाकी, आणि ही पेटी मोटारीच्या मागे जोडण्याची सोय, असे या निवासी ट्रेलरचे सामान्य स्वरूप असते. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील रहिवाशांस मुरबाडमार्गे माळशेज घाट अथवा भिवंडी-कसाऱ्यावरून इगतपुरी व भंडारदरा एका दिवसात गाठता येत असल्याने या साधनाचे आकर्षण येथे वाढावे, हे स्वाभाविक आहे. ट्रेलर रस्त्यावर आला की तो कायद्याच्या दृष्टीने कोण, हा प्रश्न मात्र त्याच क्षणी उपस्थित होतो. त्यास इंजिन नाही, तो आपणहून हलत नाही, आणि त्याचा मालक त्यास सामानाचाच एक मोठा नग समजतो. कायदा त्यास तसे समजत नाही. नोंदणी म्हणजे नेमके काय व ती कशासाठी, हे या इंजिनविरहित वाहनाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते, तितके ते मोटारीच्या उदाहरणावरूनही होत नाही. म्हणून या प्रक्रियेचे स्वरूप, तिच्यामागील तत्त्व आणि ती टाळल्यास होणारा परिणाम यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

१. व्याख्येचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २ (२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या यांत्रिक शक्तीने चालणारे व रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन अशी केली आहे. परंतु तेथेच पुढे, सांगाडा तयार असून वर साठा न चढविलेले वाहन आणि ट्रेलर यांचाही या संज्ञेत समावेश होतो, असे म्हटले आहे. कलम २ (४६) नुसार अर्ध-ट्रेलर व साइडकार वगळता मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी योजलेले कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर होय. ‘योजलेले’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अंगणात नुसता उभा असलेला ट्रेलरही व्याख्येबाहेर राहत नाही.

ही कल्पना नवीन नाही. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातही ट्रेलरचा समावेश मोटार वाहनाच्या व्याख्येत होता. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागास तर हे वाहन पूर्ण परिचयाचे आहे. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतकरी ज्यास ‘ट्रॉली’ म्हणतो, ती कायद्याच्या भाषेत ट्रेलरच होय. तेव्हा नागर कुटुंबाचा निवासी ट्रेलर आणि भाताचे भारे वाहणारी ट्रॉली ही एकाच व्याख्येची दोन अपत्ये आहेत. त्यांच्यातील भेद पुढे, वापराच्या प्रश्नापाशी, निर्माण होतो.

अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही, आणि कलम ६१ (१) ने नोंदणीविषयक संपूर्ण प्रकरण ट्रेलरांस लागू केले आहे. मोटारीची नोंदणी झालेली आहे, तेव्हा तिच्या मागे जोडलेल्या वस्तूस वेगळ्या नोंदणीची गरज नाही, हा लोकांत प्रचलित असलेला समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

२. दोन तत्त्वे

ट्रेलरची ओळख कशी ठेवावी, याबाबत निरनिराळ्या देशांनी दोन भिन्न तत्त्वे स्वीकारलेली दिसतात. पहिल्या तत्त्वानुसार ट्रेलर हे ओढणाऱ्या मोटारीचे शेपूट आहे. त्यास स्वतःची ओळख नको, मोटारीचाच क्रमांक त्याच्या पाठीवर लावला की पुरे. ब्रिटनमध्ये देशांतर्गत प्रवासासाठी मोटारीमागील निवासी ट्रेलरला हाच नियम लागू आहे. दुसऱ्या तत्त्वानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असून त्याचा क्रमांक त्याचा स्वतःचा असला पाहिजे. फ्रान्सने या दोहोंमध्ये वजनाची रेषा आखली आहे. भारासह ५०० किलोग्रॅमपर्यंतच्या ट्रेलरने मोटारीचा क्रमांक धारण करावा, त्यापुढील ट्रेलरला मात्र स्वतंत्र नोंदणी हवी, अशी तेथील व्यवस्था आहे.

भारतीय कायद्याने या दोन तत्त्वांतून एकाची निवड न करता दोन्ही एकदम स्वीकारली आहेत. कलम ६१ (२) प्रमाणे ट्रेलरला मिळालेले स्वतःचे नोंदणीचिन्ह त्याच्या बाजूवर दर्शविले पाहिजे. कलम ६१ (३) प्रमाणे ओढणाऱ्या मोटारीचे चिन्हही ट्रेलरवर, आणि एकाहून अधिक ट्रेलर असल्यास शेवटच्या ट्रेलरवर, दर्शविले पाहिजे. म्हणजे रस्त्यावर चाललेल्या भारतीय ट्रेलरला दोन क्रमांक असतात. बाजूचा क्रमांक ‘ही वस्तू कोणती’ या प्रश्नाचे उत्तर देतो, तर मोटारीचा क्रमांक ‘या क्षणी ही कोणाच्या ताब्यात आहे’ या प्रश्नाचे. पहिले उत्तर कायम असते. दुसरे प्रत्येक जोडणीबरोबर बदलू शकते. मोटारीच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकाच पट्टीत सामावलेली असल्याने त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही.

३. वस्तू एक, रकाने दोन

नोंदणीच्या वेळी वाहनाचा वर्ग ठरवावा लागतो. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेने (का. आ. १२४८) कलम ४१ (४) च्या प्रयोजनासाठी वाहनांचे परिवहन व परिवहनेतर असे दोन गट पाडून त्यांची यादी दिली आहे. या यादीचे बारकाईने वाचन केल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. निवासी गाडी अथवा ट्रेलर यांचा उल्लेख परिवहन वाहनांच्या रकान्यात आहे. आणि ‘खाजगी वापरासाठी’ हे शब्द जोडून तोच उल्लेख परिवहनेतर वाहनांच्या रकान्यातही आहे. लांबी, रुंदी, चाके, शेगडी, यांपैकी कशातही फरक नसताना एकच वस्तू दोन ठिकाणी बसू शकते. फरक पडतो तो फक्त वापराने.

या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. परिवहनेतर वाहनाच्या नोंदणी-प्रमाणपत्राची मुदत १५ वर्षांची असते आणि त्याची क्रमांकपट्टी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांची असते. परिवहन वाहनास कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्र लागते. ते प्रथम दोन वर्षांसाठी मिळते व पुढे नियमितपणे नूतनीकृत करावे लागते. त्याची पट्टी पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांची असते. विम्याची पॉलिसी व कराची आकारणीही वर्गानुसार भिन्न असते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा या भेदास नवे महत्त्व प्राप्त झाले. त्या धोरणात स्वयंचलित निवासी गाड्यांबरोबरच एक आसाचे व दोन आसांचे कॅराव्हॅन, तंबू-ट्रेलर, घडीचे कॅराव्हॅन व कॅम्पर ट्रेलर यांचाही विचार केलेला आहे. हे धोरण व्यवसायासाठी आहे. परंतु वर्षातील बहुतेक आठवडे रिकामा उभा असलेला खाजगी ट्रेलर ओळखीच्या माणसास शनिवार-रविवारपुरता भाड्याने द्यावा, हा मोह कोणासही होऊ शकतो. पहिले भाडे स्वीकारले त्या दिवशी ट्रेलरमध्ये कोणताही भौतिक बदल होत नाही. त्याची पांढरी पट्टी मात्र असत्य बोलू लागते. कायदा येथे वस्तूची नोंद करीत नसून वस्तूच्या उपयोगाविषयी मालकाने दिलेल्या शब्दाची नोंद करीत आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

४. कागदपत्रांची साखळी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत नमुना २१ मधील विक्रीचा दाखला, उत्पादकाने नमुना २२ मध्ये दिलेले रस्ता-योग्यतेचे प्रमाणपत्र, विम्याचे प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. ट्रेलर व अर्ध-ट्रेलर यांच्यासाठी याच नियमात आणखी एक कागद सांगितला आहे, तो म्हणजे रचनेस सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेल्या मान्यतेचा. सर्व पूर्तता झाल्यावर नमुना २३ मधील नोंदणी-प्रमाणपत्र मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विक्रेता त्याच राज्यातील असल्यास नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज त्यानेच करावयाचा असतो, आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नवे वाहन प्रथम नोंदणीसाठी अधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष हजर करावे लागत नाही. मान्यताप्राप्त उत्पादकाचा ट्रेलर घेणाऱ्याचा मार्ग त्यामुळे पुष्कळ सुकर झाला आहे.

खरी अडचण असते ती घरी अथवा लहान कारखान्यात बनविलेल्या ट्रेलरची. समजा, डोंबिवलीतील एका रहिवाशाने ओळखीच्या कारागिराकडून लोखंडी चौकट, आस व प्लायवुडची पेटी असा ट्रेलर बांधून घेतला. डोंबिवली, अंबरनाथ व मुरबाड येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात असे काम करणाऱ्या कुशल हातांची वाण नाही. कारागिराने बिल दिले, जोडणी भक्कम झाली, रंगही सुबक लागला. परंतु ते बिल म्हणजे नमुना २१ मधील दाखला नव्हे, आणि रस्ता-योग्यतेची हमी देण्याचा अधिकार त्या कारागिरास नाही. ज्या साखळीच्या एका टोकाला उत्पादक व दुसऱ्या टोकाला नोंदणी अधिकारी असतो, तिचा पहिला दुवाच येथे गळालेला असतो. वाहन कितीही चांगले असले तरी त्याच्या चांगलेपणाची जबाबदारी घेणारा कोणी कागदावर नसतो.

तांत्रिक मानकांकडे पाहिल्यासही हीच स्थिती दिसते. वाहनांच्या वर्गीकरणाच्या मानकात ट्रेलरांचे वजनानुसार चार वर्ग केले आहेत. एकूण वजन ०.७५ टनापर्यंत असल्यास टी-१, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२, १० टनांपर्यंत टी-३ व त्याहून अधिक असल्यास टी-४. लहान निवासी ट्रेलर बहुधा पहिल्या, क्वचित दुसऱ्या वर्गात मोडतो. परंतु ट्रेलरांच्या मान्यतेसंबंधीचे एआयएस-११३ हे मानक एन-२ व एन-३ वर्गांतील मालमोटारींनी ओढावयाच्या ट्रेलरांना उद्देशून आहे, तर एआयएस-१२४ हे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या निवासी मोटारींसाठी आहे. खाजगी मोटारीमागील लहान ट्रेलर हा या दोहोंपैकी कोणाचाच मुख्य विषय नाही. म्हणून ट्रेलर बांधून घेण्याची इच्छा असणाऱ्याने लोखंड विकत घेण्यापूर्वीच रचनेच्या मान्यतेचा प्रश्न परिवहन कार्यालयात उपस्थित करणे, आणि शक्य असल्यास मान्यता मिळालेल्या उत्पादकाकडूनच सांगाडा घेणे, हा शहाणपणाचा क्रम ठरतो.

५. क्रमांकातील स्थळ

१९८९ नंतरच्या पद्धतीत नोंदणीचिन्हाची पहिली दोन अक्षरे राज्य दर्शवितात व त्यापुढील अंक कार्यालय दर्शवितात. ठाण्याचा अंक ०४, कल्याणचा ०५ व नवी मुंबईचा ४३ आहे. एकाच जिल्ह्यात, लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, अशी भिन्न कार्यालये आहेत. वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते त्या निवासस्थानाच्या किंवा व्यवसायाच्या जागेशी नोंदणी जोडावी, हे कलम ४० चे मूळ तत्त्व होय. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे जाण्याची मोकळीक त्यात आणली.

मोटारीच्या बाबतीत ‘सामान्यतः जेथे ठेवले जाते’ हे शब्द सहसा वादाचे ठरत नाहीत. ट्रेलरच्या बाबतीत ते खरोखर विचार करावयास लावतात. डोंबिवलीच्या सहकारी गृहरचना संस्थेत मोटारीलाच जागा मिळण्याची मारामार. तेथे ट्रेलर उभा करणे बहुधा अशक्य. परिणामी मालक राहतो डोंबिवलीत, तर ट्रेलर असतो मुरबाड रस्त्यावरील एखाद्या नातलगाच्या वाडीत. अशा वेळी कागदावरील पत्ता खरा व सिद्ध करण्याजोगा असणे महत्त्वाचे; कारण दंडाची अथवा दाव्याची नोटीस त्याच पत्त्यावर येते. ठाण्याहून कल्याणला बिऱ्हाड हलविल्यास क्रमांक बदलावा लागत नाही, परंतु कलम ४९ प्रमाणे नव्या पत्त्याची सूचना ३० दिवसांच्या आत द्यावी लागते. गोव्यात नोंदलेला जुना ट्रेलर विकत आणून १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास मात्र कलम ४७ लागू होते आणि नवीन चिन्ह घ्यावे लागते. तत्पूर्वी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणणे ओघानेच आले.

६. पट्टीचे स्वरूप

नोंदणीचिन्ह रोमन अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिले जावे, असे नियम ५० सांगतो. ग्रामीण ट्रॉल्यांवर देवनागरीत रंगविलेले क्रमांक डोळ्यांना आपलेसे वाटत असले, तरी नियमास ते मान्य नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी उत्पादकामार्फतच पुरविली जाते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राची क्रोमियम-आधारित तबकडी, लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक आणि एकदा बसविल्यावर न निघणारे कुलूप ही तिची लक्षणे होत.

येथे कलम ६१ च्या दुहेरी व्यवस्थेतील एक ताण प्रकट होतो. न निघणारी पट्टी ही कायम ओळखीसाठी योजलेली आहे. ट्रेलरच्या स्वतःच्या क्रमांकास ती शोभते. ओढणाऱ्या मोटारीचा ट्रेलरवरील क्रमांक मात्र स्वभावतःच तात्पुरता आहे. आज एका मोटारीने ओढलेला ट्रेलर उद्या भावाच्या मोटारीने ओढला, तर तो बदललाच पाहिजे. व्यवहारात या दुसऱ्या क्रमांकाचाच विसर अधिक पडतो. मागून येणाऱ्या वाहनचालकास व पोलिसास मात्र सर्वप्रथम तोच दिसावयास हवा असतो. कारण मोटारीची स्वतःची मागील पट्टी ट्रेलरने झाकलेली असते.

७. नोंदणी कोणासाठी ?

नोंदणी नसलेले वाहन चालविल्यास कलम १९२ प्रमाणे पहिल्या अपराधास २,००० ते ५,००० रुपये दंड, आणि पुढील अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड सांगितला आहे. परंतु दंडाच्या रकमेवरून या प्रश्नाचे गांभीर्य मोजणे योग्य नव्हे. ६०० किलोग्रॅम वजनाचा ट्रेलर ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असता त्याच्या ठायी सुमारे ३७,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. तेच वजन ६.३ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या मजल्यावरून, खाली सोडल्यास जमिनीवर आदळताना जी ऊर्जा असेल तितकीच ही आहे. विसास एक अशा उतारावर तो ओढणाऱ्या मोटारीस सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने सतत पुढे लोटीत असतो. घाटात जोडणी निसटली, तर इंजिन नसलेले हे वाहन कोणासही न विचारता आपला मार्ग शोधते.

त्या मार्गात एखादा पादचारी अथवा दुचाकीस्वार आला, तर त्याच्या कुटुंबाचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येतो. कलम १४६ ने सर्व मोटार वाहनांना तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला आहे, आणि ट्रेलर हे व्याख्येनेच मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरचा विमा होता परंतु ट्रॉलीचा नव्हता, तेव्हा भरपाई कोणी द्यावी, या स्वरूपाचे वाद भारतातील न्यायालयांपुढे वारंवार आलेले आहेत. असा वाद चालू असता मालक, विमा कंपनी व वकील यांना वेळ असतो. ज्या घरातील कमावता माणूस गेला त्या घराला तो नसतो. नोंदणी नसेल तर विम्याचा पायाच डळमळीत होतो, आणि दाव्याची सुरुवातच ‘ही वस्तू कोणती व कोणाची’ या प्रश्नापासून करावी लागते.

समारोप

निवासी ट्रेलरच्या नोंदणीची प्रक्रिया, वर पाहिल्याप्रमाणे, तीन प्रश्नांभोवती गुंफलेली आहे. ही वस्तू बनविण्याची जबाबदारी कोणी घेतली ? ती राहते कोठे ? आणि ती कशासाठी वापरली जाते ? पहिल्याचे उत्तर उत्पादकाच्या दाखल्यात, दुसऱ्याचे पत्त्यात व तिसऱ्याचे पट्टीच्या रंगात मिळते. त्यावर मोटारीच्या क्रमांकाने ‘आज कोण ओढीत आहे’ या चौथ्या प्रश्नाचे उत्तर जोडले, की नोंद पूर्ण होते. मोटारीच्या बाबतीत ही सर्व उत्तरे विक्रेत्याच्या टेबलावर एकत्रच मिळत असल्याने मालकास ती वेगवेगळी आहेत हे जाणवत नाही. ट्रेलरच्या बाबतीत ती एकेक करून मिळवावी लागतात. ही खटपट वेळ खाणारी आहे, आणि खाजगी मोटारीमागील लहान ट्रेलरांसाठी सुस्पष्ट व सुटसुटीत मान्यता-पद्धती असती तर ती कमी झाली असती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचे प्रयोजन ट्रेलरच्या मालकाची सोय हे मुळातच नाही. विंचवाच्या पाठीवरील बिऱ्हाडाचा भार विंचवालाच वाहावा लागतो. चाकांवरील बिऱ्हाडाचा भार प्रसंगी रस्त्यावरील अनोळखी माणसावर पडतो. ट्रेलरवरील दोन क्रमांक लिहिलेले असतात ते त्या अनोळखी माणसाला वाचता यावेत म्हणून.